आभाळातून वावरात

२ एप्रिल २०२२ला गुढीपाडवा होता. त्या संध्याकाळी बुलढाणा, अकोला, जळगावकडच्या लोकांनी आकाशात एक जळती रेघ आडवी जाताना पाहिली. कुणी म्हणालं उल्का, कुणी म्हणालं विमान पेटलं. रात्रीपर्यंत बातमी आली, की चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं एक मोठं कडं येऊन पडलंय. आसपासच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. चिनी अग्निबाणाचे हे अवशेष असावेत, असं जाणकारांनी सांगितलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

आभाळातून काही येऊन पडणं बुलढाणा जिल्ह्याला नवं नाही. लोणारचं सरोवर म्हणजे फार पूर्वी बेसॉल्टच्या खडकावर आदळलेल्या अशनीची खूण आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. त्या अशनीला वाटेत थोपवायला हवेशिवाय काहीच नव्हतं आणि एवढ्या मोठ्या धोंड्यापुढे हवेचं फारसं चाललं नाही.

आकाश म्हटलं, की वर काय जातं यावर पुष्कळ जण लिहितात. मला खाली येण्याबद्दल लिहायचं होतं. खामगाव-शेगावच्या पट्ट्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या काही मुलामुलींनी उपग्रहाची छोटी प्रतिकृती करायला घेतली आहे आणि सध्या त्यांचं घोडं पॅराशूटपाशी अडलंय, असं कळलं. मी तिकडे गेलो. मुलं अजून शिकताहेत, काम अर्धवट आहे, म्हणून त्यांची आणि त्यांच्या कॉलेजची नावं इथे देत नाही.

डब्यातला उपग्रह

या प्रतिकृतीला जगभर ‘कॅनसॅट’ म्हणतात. कल्पना अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक बॉब ट्विग्ज यांची. १९९८ साली त्यांनी विद्यार्थ्यांपुढे आव्हान ठेवलं, की शीतपेयाच्या ३५० मिलिलिटरच्या डब्यात मावेल असा उपग्रह करून दाखवा. पुढच्याच वर्षी नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात हौशी रॉकेटवाल्यांच्या मदतीने असे डबे आकाशात गेले. ते डबे करणाऱ्यांत जपानी विद्यार्थीही होते. हा डबा कक्षेत जात नाही. रॉकेट, फुगा किंवा ड्रोन त्याला काहीशे मीटर ते काही किलोमीटर वर नेतं आणि सोडून देतं. खाली येताना तो तापमान, दाब, आपली जागा मोजतो आणि ते आकडे रेडिओवरून जमिनीवर पाठवत राहतो.

युरोपीय अंतराळ संस्थेच्या स्पर्धेतला डबा ११५ मिलिमीटर उंच, ६६ मिलिमीटर व्यासाचा आणि जास्तीत जास्त साडेतीनशे ग्रॅमचा असतो. आपल्याकडे केंद्र सरकारची इन-स्पेस ही संस्था, इस्रो आणि अॅस्ट्रॉनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया यांनी विद्यार्थ्यांसाठी कॅनसॅटची स्पर्धा सुरू केली. ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस तिची अंतिम फेरी उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात झाली. त्याआधी, ७ फेब्रुवारी २०२१ रोजी, रामेश्वरमहून हेलियमच्या फुग्यांनी विद्यार्थ्यांचे शंभर चिमुकले उपग्रह नेले होते. ते करणाऱ्यांत महाराष्ट्रातली मुलंही होती. अशा उपक्रमांनी खेड्यापाड्यातल्या शाळांत अंतराळ पोहोचलं, हे मोठंच काम झालं.

मात्र मला एक मनापासून वाटतं. सर्किट आज विकत मिळतं. दाब मोजणारा सेन्सर, जीपीएस, रेडिओ यांच्या पट्ट्या कुरिअरने घरी येतात, त्यांचे प्रोग्रॅमही तयार असतात. पॅराशूट मात्र आपल्या डब्याच्या वजनाला, आपल्या हवेला आणि आपल्या हाताला जमेल तसं स्वतःच करावं लागतं. मुलांचा खरा कस तिथे लागतो.

दोन छत्र्या कशाला

अशा स्पर्धांचे नियम पाहून या गटाने आपलं गणित ठरवलंय. डबा सातशे ग्रॅमचा, साधारण साडेबारा सेंटिमीटर व्यासाचा. हजार मीटरवर सुटल्यावर एका छोट्या पॅराशूटने सेकंदाला वीस मीटर वेगाने यायचं. पाचशे मीटरवर मोठं पॅराशूट उघडायचं आणि सेकंदाला तीन मीटरपेक्षा हळू उतरायचं.

पॅराशूटच नसेल तर? हा डबा पडता पडता सेकंदाला तीसेक मीटरचा वेग गाठेल, म्हणजे ताशी ११० किलोमीटर. नांदुऱ्याच्या १०५ फुटी हनुमंताच्या मूर्तीच्या दीडपट उंचीवरून डबा खाली टाकल्यासारखं ते होईल. सेकंदाला तीन मीटर म्हणजे खुर्चीच्या बैठकीवरून सुटून खाली पडणं. तेवढा धक्का सर्किट सहज सोसतं.

मग पहिल्यापासूनच मोठी छत्री का उघडायची नाही, असं मी विचारलं. गटातल्या मुलीने वही पुढे केली. हजार मीटर उतरायला सेकंदाला तीनने साडेपाच मिनिटं लागतात. वारा सेकंदाला पाच मीटर असला, आणि दिवाळीनंतरची एखादी शांत सकाळ सोडली तर वर तेवढा असतोच, तर डबा सुमारे १.७ किलोमीटर लांब जाईल. गाव, रस्ता, विहीर, विजेच्या तारा, काहीही मध्ये येईल. पहिले पाचशे मीटर वेगाने काटले तर वाहून जाण्याचं अंतर हजार मीटरच्या आत येतं.

समीकरण शाळेतल्या भौतिकशास्त्राचं आहे. खाली ओढणारं वजन आणि वर रेटणारा हवेचा विरोध समसमान झाले, की वेग वाढायचा थांबतो. विरोध कापडाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो, वेगाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. म्हणून वेग निम्मा करायचा तर कापड चौपट लागतं. सेकंदाला वीस मीटरसाठी बावीस सेंटिमीटर व्यासाचं, रुमालाहून लहान कापड पुरतं. पावणेतीन मीटरसाठी दोन चौरस मीटर लागतं.

या समीकरणात हवेची घनताही बसलेली असते आणि तिथे बुलढाण्याचा नकाशा कामाला येतो. घाटाखाली पूर्णेचं खोरं समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास, घाटावर बुलढाणा शहर साडेसहाशेच्या आसपास. वर हवा विरळ. त्याहून मोठा फरक ऋतूंचा. डिसेंबरातल्या बारा अंशांच्या पहाटे खोऱ्यातली घनमीटरभर हवा १.२० किलो भरते. मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांना तीच १.०८ किलोच्या खाली येते. म्हणजे थंडीत सेकंदाला २.९ मीटरने उतरून पास झालेलं पॅराशूट उन्हाळ्यात तीनच्या वर जाऊन नापास होईल. परदेशी पुस्तकांतली तयार कोष्टकं समुद्रसपाटीच्या पंधरा अंशांसाठी असतात. मुलांनी ती बाजूला ठेवून आपल्या दोन ऋतूंचे आकडे वहीत स्वतंत्र मांडलेत. मला ती दोन पानं फार आवडली.

मास्तरांचं टेबल

पॅराशूट शिवायला गटाने गाठलं ते बाजारातल्या एका टेलर मास्तरांना. पंजाबी ड्रेस, ब्लाऊज, लग्नसराईत घागरे, हे त्यांचं रोजचं काम. दुकान एवढंसं, कापायचं टेबल मात्र ऐसपैस.

कापडाचा प्रश्न आधी सुटला होता. खामगाव हे कापसाचं जुनं बाजारगाव, तेव्हा सुती कापडच वापरू, असं गटात कुणाला तरी मनापासून वाटत होतं. पण मांजरपाट पॅराशूटच्या नायलॉनपेक्षा अडीच-तीन पट जड, त्यात दव लागलं की ओलं होतं आणि विणीतून हवाही जास्त सुटते. सातशे ग्रॅमच्या डब्यात दोनेकशे ग्रॅम नुसत्या छत्रीला देणं परवडणार नाही. छत्रीचं कापड हलकं असतं, पण एकदा उसवलं की चर्रकन शेवटपर्यंत फाटत जातं. शेवटी रिपस्टॉप नायलॉन बाहेरून मागवलं. त्याच्या विणीत ठरावीक अंतरावर उभा-आडवा जाड धागा असतो. कापड उन्हात धरलं की बारीक चौकटी दिसतात. फाट त्या जाड धाग्यापाशी येऊन थांबते. चौरस मीटरला वजन चाळीस-पन्नास ग्रॅम.

मुलांनी पहिल्यांदा एकसंध गोल कापायचा बेत केला होता. मास्तरांनी कापडाचा कोपरा दोन्ही हातांत धरून तिरपा ओढला. कापड लांबलं. उभं ओढलं, तसूभरही हललं नाही. “गोल कापसान तं चार ठिकाणी धागा उभा-आडवा येते, चार ठिकाणी तिरपा,” ते म्हणाले. “वारा भरला का तिरपं लांबते, उभं तसंच रायते. झोल येईन ना. कळ्या करा.”

घागऱ्याला जशा कळ्या जोडतात तशा आठ कळ्या, प्रत्येकीच्या मधोमध उभा धागा. घुमटाचं तोंड ११३ सेंटिमीटर धरलं, तर एका कळीची लांबी ८९ सेंटिमीटर आणि पायाशी रुंदी ४४. पण मधली रुंदी? सरळ त्रिकोण कापला तर अर्ध्या उंचीवर बावीस सेंटिमीटर येते आणि शंकूसारखी टोपी होते. घुमटासाठी तिथे एकतीस लागतात. कळीच्या कडा बाहेर फुगलेल्या हव्यात. मुलांनी दर दहा सेंटिमीटरवरची रुंदी त्रिकोणमितीने काढून खाकी कागदावर ठिपके दिले. मास्तरांनी ते ठिपके खडूने एका वळणात जोडले, आणि ते वळण मुलांच्या संगणकावरच्या रेषेवर ठेवलं तर नजरेला फरक दिसेना.

शिलाईची माया सोडली का, हा मास्तरांचा पुढचा प्रश्न होता. ती सोडली नव्हती. प्रत्येक कळीच्या दोन्ही कडांना सव्वा-सव्वा सेंटिमीटर आत गेलं असतं, तर घेर ३५५वरून ३३५ सेंटिमीटरवर आला असता आणि उतरण्याचा वेग ठरवलेल्यापेक्षा वाढला असता. नवा कागद कापला गेला.

टिपा मास्तरांनी दुमडून दुहेरी घातल्या, पॅन्टीच्या आतल्या शिवणीसारख्या, म्हणजे कापडाची कड उघडी राहत नाही. नायलॉन सुईखाली सरकतं, म्हणून मशिनची गती कमी, हात कडक. घेराला फीत लावली आणि शिवण जिथे घेराला मिळते तिथे दोरीसाठी फाशे ठेवले. ताण शिवणीवर पडावा, कोऱ्या कापडावर पडू नये, हे मास्तरांना सांगावं लागलं नाही. दोऱ्या गवंड्याच्या ओळंब्याला लावतात त्या विणलेल्या नायलॉनच्या, हार्डवेअरच्या दुकानातल्या. आठही दोऱ्या खाली मासेमारीच्या गळाला लावतात तसल्या फिरकीला बांधल्या, म्हणजे डबा गरगरला तरी दोऱ्यांना पीळ बसत नाही.

घुमटाच्या शेंड्याला भोक ठेवायचं, यावर मात्र मास्तर थबकले. एवढं नीट जोडलेलं काम वरून कापायचं कशाला? त्याचं उत्तर सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं आहे. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी आंद्रे-जाक गार्नरँ पॅरिसवर फुग्यातून पॅराशूटने उतरला. त्याच्या छत्रीला भोक नव्हतं. कोंडलेली हवा कधी या कडेने, कधी त्या कडेने सुटत राहिली आणि तो टोपलीत भोवंड येईपर्यंत झुलत खाली आला. पुढे शेंड्याला भोक ठेवायचा सल्ला खगोलशास्त्रज्ञ लालांद यांनी दिल्याचं सांगतात. हवेला मधून वाट मिळाली की झोके कमी होतात. डब्यात कॅमेरा असेल तर हे झोकेच चित्र बिघडवतात. मास्तरांनी ऐकून घेतलं, मुठीएवढं भोक कापलं आणि त्यालाही फीत लावली.

स्कूटीवरचा वारा

तयार पॅराशूट गच्चीवरून टाकून पाहणं हा सगळ्यांना सुचणारा उपाय. चार मजल्यांवरून मोठं पॅराशूट उघडतं का, एवढं त्यातून कळतं. छोट्याची परीक्षा मात्र होत नाही, कारण सेकंदाला वीस मीटरचा वेग गाठायलाच वीस मीटरहून जास्त उंची लागते आणि गच्ची तिथवर पोहोचत नाही.

मग मुलांनी उलटा विचार केला. पॅराशूट हवेतून खाली येतं, की हवा पॅराशूटवर येते, गणिताला दोन्ही सारखंच. सेकंदाला २.७८ मीटर म्हणजे ताशी बरोबर दहा किलोमीटर. तेवढ्या वेगाने स्कूटी चालवायची, मागे पॅराशूट सोडायचं आणि मध्ये सामान तोलायचा हुकाचा इलेक्ट्रॉनिक काटा लावायचा. काटा सातशे ग्रॅमच्या वर राहिला, तर सातशे ग्रॅमचा डबा ताशी दहापेक्षा हळू उतरेल. प्रयोगशाळेतल्या वायुबोगद्याचं काम शेताकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याने केलं.

वारा उठायच्या आत, पहाटे ही चाचणी होते. एक जण स्कूटी चालवतो, मागे बसलेली मुलगी काटा धरते, तिसरा दुसऱ्या गाडीवरून सगळ्याचं चित्रण करतो. वेग मोबाईलच्या जीपीएसवर बघायचा, कारण एवढ्या कमी वेगाला गाडीचा काटा भरवशाचा नसतो. जाताना आणि येताना दोन्ही आकडे घ्यायचे, म्हणजे असलेला थोडा वारा सरासरीत निघून जातो.

समीकरणानुसार काटा सव्वासातशेच्या आसपास दिसायला हवा होता. तो ५६० दाखवत राहिला. सगळ्यांची तोंडं उतरली. पण चित्रण पाहताना दिसलं, की घुमटाची खालची बाजू अर्धवट मिटते आहे. गाडी आणि तिच्यावरची दोन माणसं हवा फाडत पुढे जातात आणि त्यांच्या मागच्या गढूळलेल्या हवेत पॅराशूट सापडतंय. मग आठ फुटी बांबू गाडीला उभा बांधला आणि पॅराशूट त्याच्या टोकाशी धरलं. काटा ६५०वर गेला.

या आकड्यातून हवेच्या विरोधाचा गुणांक निघतो. मुलांनी ०.८ धरला होता, प्रत्यक्षात ०.७२ मिळाला. त्यावरून डबा थंडीत सेकंदाला २.८२ मीटरने उतरेल, मे महिन्यात २.९८ने. नियमात बसतं, पण अगदी काठावर. वहीत त्या ओळीखाली दोन रेघा मारलेल्या आहेत.

आणखी एक धोका स्कूटीवर कळत नाही. वीस मीटरच्या वेगाने येणाऱ्या डब्यावर दोन चौरस मीटरचं कापड एका झटक्यात उघडलं, तर हिशेबाने जास्तीत जास्त सदतीस-अडतीस किलोचा हिसका बसू शकतो. कापड भरता भरता डबा मंदावतो, त्यामुळे खरा हिसका बराच कमी असतो. तरी दोरीचा फासा, फिरकी आणि डब्याचं झाकण यांपैकी सर्वांत कच्चं जे असेल ते पहिलं जाणार. गगनयानातही नेमकी हीच काळजी आहे. अंतराळवीरांच्या कुपीला चार प्रकारची मिळून दहा पॅराशूट आहेत, त्यांतली तीन मुख्य, प्रत्येकी पंचवीस मीटर व्यासाची. दोनांवरही कुपी सुखरूप उतरू शकते, तिसरं जोखमीसाठी. ती एकदम पूर्ण उघडत नाहीत. घेर आधी आवळलेला असतो, थोडा वेग कमी झाल्यावर बंध कापला जातो आणि मग छत्री पूर्ण फुलते. २४ ऑगस्ट २०२५ रोजी इस्रोने सुमारे पाच टनांची नमुना कुपी चिनूक हेलिकॉप्टरमधून तीनेक किलोमीटर उंचीवरून सोडून ही साखळी तपासली. खामगावकडच्या मुलांनी तेच तत्त्व एका प्लास्टिकच्या कड्याने साधलंय. आठही दोऱ्या कड्यातून ओवल्या आहेत. घडी सुटली की कडं वर घुमटापाशी असतं आणि तोंड आवळून धरतं. कापड फुगत जातं तसं ते कडं खाली ढकललं जातं. सेकंदभराचा उशीर, पण त्यात हिसका विभागला जातो.

पाचशे मीटर म्हणजे नेमके कुठले

मोठं पॅराशूट कधी सोडायचं हे डबा हवेच्या दाबावरून ठरवतो. आपल्या उंचीला नऊएक मीटर वर गेलं की दाब एक मिलिबारने कमी होतो. सेन्सर त्याहून कितीतरी बारीक फरक टिपतो, तेव्हा हे सोपं वाटतं. पण उष्ण कटिबंधातला दाब दिवसातून दोनदा वर-खाली होतो. सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो, दुपारी चारच्या सुमारास तीनएक मिलिबारने उतरतो. सकाळी दहाला जमिनीवर ‘शून्य उंची’ नोंदवली आणि डबा चारला उडाला, तर त्याला आपण आहोत त्यापेक्षा सत्तावीस मीटर वर आहोत असं वाटेल. पाचशेला उघडायची छत्री ४७३ला उघडेल. म्हणून शून्य उड्डाणाच्या आधी काही मिनिटं पुन्हा घ्यायचं, अशी सूचना झाकणावरच चिकटवली आहे.

दुसरा घोळ वाऱ्याचा. डब्याच्या भोकावर झोत थेट आदळला की दाब क्षणभर उड्या मारतो. एका आकड्यावर विसंबून छत्री सोडली तर ती भलत्याच ठिकाणी सुटेल. त्यासाठी सलग काही नोंदी पाचशेच्या खाली आल्या तरच तारेला वीज मिळते. तार तापून नायलॉनचा बारीक दोरा वितळवते, झाकण उघडतं आणि छोटं पॅराशूट मोठ्याची घडी बाहेर ओढतं.

त्या घडीचं काम हातांचं आहे. कळ्या एकावर एक, दोऱ्या नागमोडी, कुठेही गाठ नाही, आणि घड्यांमध्ये टाल्कम पावडर, कारण उन्हात दाबून राहिलेलं नायलॉन एकमेकांना धरून बसतं. गटातली एकच मुलगी घडी घालते आणि बाकीच्यांना मध्ये हात लावू देत नाही. तो नियम मला योग्य वाटला.

ज्याच्या वावरात पडेल

चाचणीसाठी मोकळं मैदान शोधताना मुलांना शेतकऱ्यांशी बोलावं लागलं. सोयाबीनची सोंगणी झाली की वावरं मोकळी होतात. हरभरा उगवायच्या आधीचे थोडे दिवस मिळतात. कपाशीत मात्र डबा पडला तर तो शोधायला चार जणांनी शिरणं म्हणजे फुटलेली बोंडं तुडवणं. एका शेतकऱ्याने सरळ सांगितलं, “पडू द्या ना बावा, पण मले आधी सांगजा. मी धुऱ्यावरून काढून देईन, तुमी आत शिरू नका.” तेव्हापासून उड्डाणाआधी वारा वाहतो त्या दिशेच्या शेतकऱ्यांना फोन करणं हे कामाच्या यादीत आलं.

मोठ्या संस्थाही हेच करतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबादच्या केंद्रातून संशोधनाचे प्रचंड फुगे तीस-चाळीस किलोमीटर उंचीवर जातात आणि त्यांची उपकरणं मोठ्या रंगीत पॅराशूटने तेलंगण, कर्नाटक, महाराष्ट्रातल्या शेतांत उतरतात. उड्डाणांच्या हंगामाआधी ते जाहीर निवेदन देतात, की असं काही सापडलं तर उघडू नका, हलवू नका, पोलिसांना किंवा आम्हाला कळवा. मुलांनी डब्यावर मराठीत चिठ्ठी लावली आहे. हे धोकादायक नाही, विद्यार्थ्यांचं उपकरण आहे, या क्रमांकावर कळवा. पॅराशूट भगव्या-पिवळ्या पट्ट्यांचं, कारण काळ्या मातीवर आणि हिरव्या पिकावर दोन्हीकडे ते दुरून दिसतं.

दुसरं कापड

पुढच्या पॅराशूटवर गटात मतभेद आहे. एका बाजूचं म्हणणं, हाच घुमट ठेवा, तोंड एकशेवीस सेंटिमीटर करा, म्हणजे उन्हाळ्यातही वेग तीनच्या खाली पुरेसा राहील. दुसरी बाजू अधिकाच्या चिन्हासारखं पॅराशूट मागते, दोन आयताकृती पट्ट्या एकमेकींवर आडव्या टाकून शिवलेल्या. त्यात हवा चार कोपऱ्यांतून सुटते, म्हणून ते फार झुलत नाही आणि कॅमेऱ्याला स्थिर चित्र मिळतं. पण त्याचा विरोध कमी, तेवढ्याच वजनाला कापड जास्त लागतं आणि डब्यातली जागा मोजकी. मला विचाराल तर दोन्ही शिवून स्कूटीवर न्यावीत.

मुलांनी कागदावर अधिकाचं चिन्ह काढून मास्तरांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून ते पाहिलं. “सारी शिलाई सरळ? मंग तं एका दुपारचंच काम हाये. कापड कवा आणता?”